फाइल कुणाच्या हातात

आईला किंवा वडिलांना कॅन्सर असल्याचा बायॉप्सीचा रिपोर्ट हाती आला की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत पहिली बैठक भरते ती लपवण्याची. उपचार कुठे घ्यायचे, पैसे कुठून उभे करायचे, रजा कोण काढणार, हे सगळं नंतर. थोरला भाऊ, जावई, एखादा डॉक्टर असलेला चुलतभाऊ आणि फोनवर परदेशातली बहीण, एवढ्यांचं एकमत व्हायला फार वेळ लागत नाही. एरवी ज्या भावंडांचं गॅलरीच्या ग्रिलवरूनही जमत नाही, ती या एका मुद्द्यावर चटकन एक होतात: त्यांना काही कळता कामा नये. लगेच कामं वाटली जातात. रिपोर्ट एकानेच आणायचे. फाइल धाकट्याच्या बॅगेत राहील. डॉक्टरांच्या केबिनमध्ये कुणीतरी आधी जाऊन 'पेशंटसमोर बोलू नका' असं सांगून यायचं. केमोला ताकदीचं सलाईन म्हणायचं, रेडिएशनला शेक. गाठ होती, ती काढली, आता थोडे दिवस औषधं, एवढीच हकिकत सगळ्यांनी सांगायची; नातवंडांनीसुद्धा. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासात मोठी सवलत देते, पण त्या फॉर्मवर आजाराचं नाव असतं. म्हणून तो फॉर्म घेऊन खिडकीवर मुलगा एकटाच जातो.

२०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. त्यांतले बरेचसे कुणाचे ना कुणाचे आईवडील. म्हणजे अशा बैठका या देशात रोज कितीतरी घरांत भरत असणार. त्या प्रेमापोटी भरतात याबद्दल मला शंका नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की या बेतात आपण आईवडिलांची एक गोष्ट त्यांना न विचारता काढून घेतो: स्वतःच्या आजारावरचा त्यांचा हक्क. आणि त्यांना जपण्याच्या नावाखाली जे जपतो, ते बरंचसं आपलं स्वतःचं मन असतं.

या बेताच्या बाजूने जे बोललं जातं, ते आधी नीट ऐकायला हवं. 'धसक्यानेच जातील' हे पहिलं कारण. त्याला चांगला जुना आधारही आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात मरणाच्या लक्षणांची चर्चा संपवताना वैद्याला बजावलं आहे की मृत्यू जवळ आलेला दिसला तरी कुणी विचारल्याशिवाय सांगू नये; आणि विचारलं तरी, ज्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होईल, तिथे सांगू नये. आपल्या घरातल्या शहाण्या माणसांनी चरक वाचलेला नसतो, पण ते नेमके हेच बोलत असतात. फक्त एक फरक डोळ्यांआड होतो. चरक बोलतो ते मरण समोर ठाकलेलं असतानाबद्दल. आपण तो नियम पहिल्या बायॉप्सीलाच लावून मोकळे होतो. मग तो स्तनाचा सुरुवातीच्या टप्प्यातला, शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा कॅन्सर का असेना. आणि 'विचारल्याशिवाय सांगू नये' या सूचनेत रोग्याने विचारण्याची वाट तरी मोकळी ठेवलेली आहे. आपण ती वाटच बंद करतो, कारण आईने विचारायच्या आत उत्तर ठरलेलं असतं.

दुसरं कारण संस्कृतीचं. पाश्चात्त्यांकडे रोग्याच्या तोंडावर सगळं सांगतात, आपल्याकडे कुटुंब आहे, आपण आधी कुटुंबाला सांगतो, असं डॉक्टरही अभिमानाने म्हणतात. हा अभिमान इतिहासापुढे टिकत नाही. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. त्यातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरच्या रोग्याला निदान न सांगण्याकडे होता, आणि कारणं तीच: आशा मरेल, माणूस खचेल. त्याच धर्तीची पाहणी १९७९ साली त्याच नियतकालिकात आली तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत अमेरिकेची संस्कृती बदलली असं कुणी म्हणणार नाही. बदललं ते उपचारांचं बळ. केमोथेरपीने काही कॅन्सर खरोखर बरे होऊ लागले, उपचार लांबले, त्यांत निवडी आल्या, आणि ज्याला निवडायचं आहे त्याला अंधारात ठेवणं अवघड झालं. रोग्याचे हक्क मागणाऱ्या चळवळींनीही रेटा लावला.

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली उघडलं तेव्हा शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. त्या काळच्या मुलाने वडिलांना न सांगण्यात एक प्रकारची दया होती. आजच्या मुलाच्या हाती केमोची सहा-आठ सायकल, गोळ्यांची केमो, इम्युनोथेरपी, वेदनाशमन आणि 'थांबूया का?' हा पर्याय, एवढं सगळं आहे. आजोबांच्या काळची दया तशीच उचलून आज वापरली तर ती दया राहत नाही.

शिवाय लपतं का? अनेक रुग्णालयांच्या पाट्यांवरच 'कॅन्सर हॉस्पिटल' लिहिलेलं असतं. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियलच्या नावातही तो शब्द आहे. दहावी शिकलेल्या बापाला ती पाटी वाचता येते आणि न शिकलेल्या आईला रांगेतल्या बायका दिसतात: डोक्याला रुमाल बांधलेल्या, नाकात नळी असलेल्या, हाताच्या शिरा काळ्या पडलेल्या. शेजारची बाई सहज विचारते, 'तुमची कितवी सायकल?' दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावाहून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. तिथे दोन दिवस राहिलेल्या माणसाला आजाराचं नाव, कोणत्या औषधाने केस जातात आणि कुठल्या गोळीने तोंड येतं, हे मुलापेक्षा जास्त कळतं. आईवडिलांना बहुतेक वेळा समजलेलंच असतं. पण मुलं लपवताहेत हेही त्यांना समजलेलं असतं. म्हणून तेही गप्प बसतात, मुलांना त्रास नको म्हणून. मुलगा म्हणतो 'सगळं ठीक आहे', आई म्हणते 'मला आज बरं वाटतंय', आणि दोघांनाही दुसऱ्याचं खोटं कळलेलं असतं.

या नाटकाची सगळ्यात महागडी किंमत वेदनेत मोजावी लागते. माझ्या पाहण्यात एक आजी होत्या, मराठवाड्यातल्या, यकृतापर्यंत पसरलेला आजार असलेल्या. मुलगा आला की दुखतं म्हणायच्या नाहीत; तो गेला की सुनेला पाठ चोळायला सांगायच्या. मुलगा डॉक्टरांना सांगायचा, 'दुखत नाही फारसं.' डॉक्टर साधी गोळी वाढवायचे. सत्य सगळ्यांना ठाऊक असलेल्या त्या घरात दुखणं मात्र कुणीच मोजत नव्हतं. ज्या आजाराचं नाव काढायचं नाही, त्याच्या दुखण्याचंही नाव काढता येत नाही.

आता न सांगण्याचं खरं कारण. धसका आणि संस्कृती ही चारचौघांत सांगायची कारणं झाली. आतलं कारण असं असतं: आईला कळलं तर ती उपचार नाकारेल. 'माझ्यावर एवढा खर्च करू नका, पोरीचं लग्न करा, विहिरीचं काम पुरं करा,' असं ती म्हणेल. आणि ती तसं म्हणेल हे मुलांना पक्कं माहीत असतं, कारण आयुष्यभर तिने तेच केलेलं असतं. या भीतीबद्दल मला सहानुभूती आहे. पण तिचा नीट अर्थ लावला तर काय उरतं? आपण आईला तिच्या भल्यासाठी फसवतो आहोत, कारण खरं सांगितलं तर ती आपलं ऐकणार नाही. हेच एखाद्या डॉक्टरने केलं असतं तर आपण त्याच्यावर चिडलो असतो.

आई नकार देईल तर तिच्याशी भांडा. तिला समजवा, रडा, मावशीला मध्ये घाला, गावच्या महाराजांना आणून बसवा. आईशी वाद घालायचा हक्क मुलांना आहेच. आणि पुष्कळदा तिचा नकार चुकीच्या माहितीवर उभा असतो. तिला वाटतं दोन एकर विकावे लागतील. तिला कुणी सांगितलेलं नसतं की पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत होतात, किंवा मोठ्या रुग्णालयातला समाजसेवक ट्रस्टांच्या अर्जांना मदत करतो. माहिती नसलेल्या माणसाचा नकार गृहीत धरून त्याला माहिती न देणं, हा कुठला न्याय?

कधी कधी तिचा नकार योग्यही असतो, हे मान्य करायला मुलांना सगळ्यात जड जातं. पहिल्या उपचारांनी आजार आटोक्यात आला नाही, दुसऱ्यांनीही नाही, आता तिसऱ्या प्रकारची केमो द्यायची. तिने काही आठवडे मिळतील कदाचित, पण त्यातले निम्मे उलट्या आणि रक्ताच्या तपासण्यांत जातील. अशा वेळी 'मला घरी न्या' म्हणणारी आई खचलेली असेलच असं नाही. ती हिशेब करत असते, आणि तो हिशेब तिच्याएवढा चांगला कुणालाच येत नाही, कारण खर्च होणार ते दिवस तिचे असतात. जमिनीचंही तसंच. सातबारा वडिलांच्या नावावर असतो. विकायची झाली तर सही त्यांची लागते, म्हणून त्यांना न कळवता मुलगा सावकाराकडून किंवा पतपेढीतून कर्ज काढतो. ज्याने ती जमीन चाळीस वर्षं कसली, घराच्या डोक्यावर कर्ज कशासाठी चढलं हे फक्त त्याच माणसाला कळू द्यायचं नाही, असा तो प्रकार.

कायदा या बाबतीत आपल्या घरगुती रिवाजापेक्षा पुढे आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. चव्वेचाळीस वर्षांची एक स्त्री तपासणीसाठी भूल देऊन टेबलावर होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढले. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान, समजत्या माणसाच्या वतीने आईची संमती चालणार नाही. जिवावर बेतलेली तातडी नसेल तर थांबायला हवं होतं. तिथे आईने मुलीसाठी सही केली होती. आपल्या वॉर्डांत रोज मुलं आईसाठी सह्या करतात, आई शुद्धीवर, चष्मा लावून, शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना. याला डॉक्टरांच्या आचारसंहितेनेही थोडी पळवाट ठेवली आहे. २००२च्या नियमांत म्हटलं आहे की आजाराचं गांभीर्य डॉक्टरने फुगवू नये किंवा कमी करून सांगू नये, आणि रोगी, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना योग्य ती कल्पना असावी. तो 'किंवा' फार सोयीचा आहे. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर तोच धरतात. मुलाशी बोलणं लवकर उरकतं, आईशी बोलायला वेळ लागतो.

आईच्या बाबतीत हे जास्त होतं, हेही सांगायला हवं. वडिलांना निदान विचारतात तरी, घरातला कारभारी म्हणून. किंवा त्यांच्या रागाला भिऊन सांगतात. आईला सांगायचं तर तिने कधी स्वतःच्या औषधाचा निर्णय घेतलेला असतो कुठे? निर्णय मुलगे घेतात, सेवा लेकी आणि सुना करतात. ड्रेनची पिशवी बदलणाऱ्या हाताला बैठकीत मत नसतं. परदेशातला मुलगा रात्री फोनवर 'इथे नवीन औषध आलंय, तेच द्या, पैशाचा विचार करू नका' असं सांगून झोपतो. अमेरिकेतल्या वृद्धांच्या वैद्यकावरच्या नियतकालिकात १९९१ साली डॉक्टरांनी या वृत्तीला 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असं नावच देऊन टाकलं: आयुष्यभर लांब राहिलेली, शेवटच्या आठवड्यात विमानाने येऊन 'सगळं करा' म्हणणारी. आपल्याकडे ती बहुधा न्यू जर्सीचा मुलगा म्हणून येते. त्याच्यावर हसण्यात अर्थ नाही. तो अपराधी भावनेने बोलत असतो, आणि आईशी खरं बोलायची वाट त्याच्या भावंडांनी आधीच बंद केलेली असते. त्याला आईचं मत विचारायचं म्हटलं तरी कसं विचारणार? आईला 'गाठ' झाली आहे ना.

आशेचा मुद्दा उरतो. सांगितलं की आशा संपते, असं ठामपणे म्हणतात. २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेले शरद पवार तंबाखूविरोधी व्यासपीठांवरून आपला आजार स्वतः सांगतात, आणि त्यांनी कामातून अंग काढून घेतल्याचं कुणी म्हणणार नाही. राजकारण्यांचं काळीज वेगळं असतं, असं म्हणाल तर तेही कबूल. मग बॉस्टनचं उदाहरण घेऊ. तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह म्हणजे वेदनाशामक, आधार देणारी सेवा. या सेवेत रोग्याशी त्याच्या आजाराबद्दल, त्याला काय हवं नको याबद्दल उघड बोलणं येतं. दुसऱ्या गटातल्यांचा शेवटचा काळ कमी त्रासाचा गेला, शेवटी शेवटी केमोचा मारा कमी झाला, आणि तरीही त्यांचं मध्यम आयुर्मान ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने निघालं. एका अभ्यासावरून साऱ्या जगाला नियम लावू नये. पण उघड बोलल्याने माणूस लवकर जातो, हा आपला ठाम समज इथे तरी उलटा पडला.

आपल्याकडे ही सेवा नाही असंही नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. टाटामध्ये स्वतंत्र विभाग आहे. पण घरचे तिथे न्यायला घाबरतात, कारण 'तिथे नेलं की कळेल'. मॉर्फिनचंही तेच. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनेच्या पायऱ्या आखताना त्याला वरची पायरी दिली. त्याच्या एक वर्ष आधी आपण अमली पदार्थांचा इतका कडक कायदा केला की हे औषध ठेवायलाच दवाखाने कचरू लागले. २०१४च्या दुरुस्तीने ती अडचण सैल केली. कायदा सैल झाला तरी घरं सैल झाली नाहीत. 'मॉर्फिन म्हणजे शेवट, आईला कळेल, व्यसन लागेल,' असं म्हणत आई आठ-आठ तास कण्हत राहते. व्यसन कुणाला? चार महिन्यांचं आयुष्य उरलेल्या बाईला?

आता माझ्या बाजूच्या लोकांशी थोडं भांडण. सत्य सांगितलंच पाहिजे, असा एक नवा कडवेपणा हल्ली शिकलेल्या घरांत दिसतो. गूगलवरचा तक्ता आईपुढे धरून 'हे बघ, चौथी स्टेज, पाच वर्षांचं प्रमाण एवढं' असं सांगणारा मुलगा मला लपवणाऱ्या मुलापेक्षा वरचा वाटत नाही. तोही आपल्याच मनाचं ओझं तिच्या पदरात टाकतो. काही माणसांना खरोखर जाणून घ्यायचं नसतं. 'तू बघ बाळा, मला सांगू नकोस, मी देवावर सोपवलंय,' असं म्हणणारे वडील निर्णय घेत असतात: आपल्या वतीने कोणी जाणावं, याचा. असा निर्णय मान द्यावा असाच आहे. मात्र तो त्यांनी घेतलेला असला पाहिजे, आपण त्यांच्या वतीने कल्पिलेला नको. 'तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय जाणून घ्यायचंय? सगळं सांगू, की मोठं मोठं सांगू, की मीच बघू?' हा प्रश्न विचारायला वैद्यक शिकावं लागत नाही. आणि तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, कारण पहिल्या आठवड्यात 'मला नको सांगू' म्हणणारा माणूस तिसऱ्या महिन्यात स्वतःहून विचारतो, 'किती दिवस आहेत?' त्या दिवशी पंखा दुरुस्त करायला उठून जाऊ नये, एवढंच.

जगापासून लपवणं ही आणखी वेगळी गोष्ट. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आजारी असताना त्यांना नेमकं काय झालंय यावर तिथे महिनोन् महिने कुजबुज चालली. स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं आरोग्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलं. पुढे जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि मार्चमध्ये ते गेले. मुख्यमंत्र्याचा आजार जनतेला कधी कळावा, यावर वाद होऊ शकतो. पण आपला आजार चव्हाट्यावर येऊ न देण्याचा हक्क साध्या माणसालाही आहे, आणि शेजाऱ्यांना, भिशीच्या बायकांना, सुनेच्या माहेरी सांगायचं की नाही हे आई ठरवेल. आपली घरं उलटं करतात: अख्ख्या भाऊबंदकीला सांगतात, फक्त तिला सांगत नाहीत.

अख्ख्या भाऊबंदकीला सांगितलं की घरी पाहुणे येतात, आणि गुपित सांभाळणाऱ्या मुलाचे हाल सुरू होतात. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोगाशी झुंजणाऱ्या आईवडिलांबद्दल पुष्कळ बोलतात. त्यांच्या मुलांना फक्त 'खंबीर राहा' सांगतात. गुपित असलेल्या घरात मुलाचं निम्मं बळ पहाऱ्यातच जातं. दारात आलेल्या काकूंना बाहेरच गाठून 'काही बोलू नका हं' सांगायचं. फोन सायलेंटवर ठेवायचा, रिपोर्टचे व्हॉट्सॲपवरचे फोटो लगेच पुसायचे, डॉक्टरांना डोळ्यांनी खुणा करायच्या. गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, गोमूत्र, अमक्या गावचा वैद्य, सगळं 'आमच्या ओळखीत एकाला फरक पडला' या एकाच हमीवर येतं, आणि कुठलं घ्यायचं, कुठलं सिंकमध्ये ओतायचं हेही मुलालाच ठरवावं लागतं. आईला माहीत असतं तर ती एका वाक्यात काकूंना गप्प करू शकली असती. रडायचं तर बाथरूममध्ये, नळ सोडून. चिडचिड बायकोवर निघते. आणि ज्या एका माणसाजवळ अशा वेळी खरं तर बसावंसं वाटतं, आयुष्यभर ताप आला की ज्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्याच माणसासमोर सगळ्यात जास्त अभिनय करावा लागतो.

हे ओझं उतरलेली घरं मी पाहिली आहेत. सांगितल्यावर पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आई जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. मग एका सकाळी उठून ती कामं सांगू लागते. बँकेच्या लॉकरची किल्ली कुणाकडे, पाटल्या कुठल्या नातीला, गावच्या मंदिरात राहिलेला नवस, भावाशी वीस वर्षांचा अबोला संपवायचा का. एका आईने मुलीला सांगितलं की केमोच्या दुसऱ्या दिवशी मला कुणाचीही भेट नको, तिसऱ्या दिवशी या. मुलीला हायसं वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी कुणाला थांबवायचं हे आजवर तिच्याच गळ्यात होतं. आईला ठरवू दिलं की मुलाच्या डोक्यावरचे निर्णय कमी होतात, एवढा साधा फायदाही आपण लपवाछपवीत घालवतो.

आयुष्याच्या शेवटाबद्दलही असंच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली: बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर लावू नका, असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो. २०२३ साली प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. गोव्यात २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. हे कागद निरोगीपणी करावेत हे उत्तम. पण निदानानंतरही वेळ असतो, फक्त ज्याला आपला आजार माहीत आहे त्यालाच. 'गाठ काढली, आता काळजी नाही' असं ऐकलेल्या आईने असं इच्छापत्र कशासाठी करावं? मग अतिदक्षता विभागाच्या बाहेर रात्री दोन वाजता डॉक्टर विचारतात, 'नळी घालायची का?' आणि तिघे भाऊ एकमेकांकडे बघतात. आईला काय हवं होतं हे तिघांपैकी कुणालाच माहीत नसतं.

सगळा दोष मुलांवर टाकणंही बरोबर नाही. रुग्णालयं या लपवालपवीला हातभार लावतात. नवीन रुग्णाचा केस पेपर काढताना नाव, वय, पत्ता, आधार, योजना, मोबाइल नंबर सगळं विचारतात. आणि तो मोबाइल नंबर बहुधा मुलाचाच लिहितात. पुढचे सगळे फोन, तपासण्यांचे मेसेज, रिपोर्ट त्याच्याकडे जातात. त्याच काउंटरवर, किंवा पहिल्या तपासणीत नर्सने पाच मिनिटं रुग्णाला एकट्याला बसवून विचारायला काय हरकत आहे: तुमच्या आजाराबद्दल आम्ही कुणाशी बोलायचं? तुमच्याशी, तुमच्या मुलाशी, की दोघांशी? उत्तर केस पेपरवर लिहा, आणि दर नव्या उपचाराआधी पुन्हा विचारा. 'गर्दीत वेळ कुठे आहे' असं उत्तर येईल. पण मोठ्या रुग्णालयांत समाजसेवक धर्मशाळेच्या चिठ्ठीसाठी, पैशाच्या मदतीसाठी रुग्णांशी रोज बोलतातच. त्याच खुर्चीत, त्याच भेटीत, मुलाला चहा प्यायला पाठवून हा एक प्रश्न बसू शकतो. मुलगा चिडेल, 'तुम्ही आईला का विचारलंत?' म्हणेल. त्याला काय उत्तर द्यायचं हे समाजसेवकांना शिकवता येईल: 'दादा, पेशंट त्या आहेत.'